वायुरथीचा डावा हात

एका खेळण्यापायी लहानपणी मी वडिलांशी खोटं बोललो आणि त्या खोट्यामुळं एका बाईची नोकरी गेली, हे मी अगदी आत्ताआत्तापर्यंत कुणालाही सांगितलं नव्हतं. आईला नाही, बायकोलाही नाही. वडील तर हे न कळताच गेले. इतकी वर्षं गप्प राहिलं की माणसाला वाटायला लागतं, कमी बोलणं हा आपला स्वभावच आहे. लोकही तसंच म्हणतात, कौतुकानं. मी ते कौतुक ऐकून घेत आलो.

जुन्या खेळण्यांवर मी गेली काही वर्षं इथं, ह्या ब्लॉगवर लिहितो. त्यांची नवी आवृत्ती बाजारात आली की मागवायची, खोका उघडायचा, सांधे हलवून बघायचे, रंग कुठं कडेबाहेर गेलाय ते शोधायचं आणि तुम्हाला सांगायचं, घ्या किंवा राहू द्या. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी क्वालिटीला सुपरवायझर आहे, त्यामुळं दुसऱ्याच्या कामातली खोट काढायची सवय अंगात मुरलेली. मागच्या महिन्यात आमच्या संग्राहकांच्या गटातल्या मंडळींनी धोशाच लावला. "राव, वायुरथी आलाय. संग्राहकांसाठी खास काढलाय. तुम्ही नाही लिहिणार तर कोण?"

मी हो म्हणून बसलो.

तर आधी कामाचं. खोका चांगला जड आहे. झाकणाला चुंबक लावलंय, ते उघडताना हलका हिसका देतं. आत काळा फोम आणि फोमच्या खाचेत वीतभर उंचीचा वायुरथी. ज्यांना तो माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या लहानपणी रविवारी सकाळी हिंदीत डब केलेली एक परदेशी कार्टून मालिका लागायची, त्यातला हा नायक. निळं चिलखत, वाऱ्यावर स्वार व्हायचा, उजव्या हातात भाला, डाव्या हातात ढाल. संकट आलं की "हवा मेरे साथ!" असं ओरडायचा आणि आमच्या पत्र्याच्या छपराखाली आम्ही सगळी पोरं त्याच्याबरोबर ओरडायचो. नव्या बाहुल्याचा चेहरा कोरलाय सुरेख. गुडघे, कोपर, मान, कंबर, सगळं वळतं. चिलखतावर कापडी झूल आहे, तिच्या कडेतून तार घातलीय, म्हणजे वारा लागल्यासारखी ती उडती ठेवता येते.

आणि फोमच्या खालच्या थरात जादा हात आहेत. मुठीचे, उघड्या तळव्याचे, भाला धरायचे, ढाल पेलायचे. डावे हात एका ओळीत मांडलेत, नाजूक, नखं कोरलेले. हवा तो मनगटाशी दाबून बसवायचा.

मी त्या ओळीकडं बघितलं आणि झाकण परत लावून टाकलं.

मुलगी समोर बसली होती. "काय झालं बाबा? तुटका निघाला?"

"नाही. अख्खा आहे."

"मग तोंड का असं केलंय? अख्खा निघाला म्हणून सुतक पाळणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच बघतेय मी."

ती हसली, मीही हसल्यासारखं केलं. पण त्या दिवसापासून हा लेख माझ्याकडून पुढं सरकेना. सांध्यांबद्दल लिहायला बसलो की नाकात दुसराच वास यायचा. तापलेल्या प्लास्टिकचा आणि त्यात मिसळलेल्या खोबरेल तेलाचा.

कासारवाडीला रेल्वे लायनीच्या अलीकडं आमची बैठी कॉलनी होती. पुढं उघडं गटार, मागं रूळ, आणि दिवसातून ठरल्या वेळी वाजणारे कंपन्यांचे भोंगे. प्रत्येक भोंग्याचा आवाज वेगळा. कुठला कुणाच्या बापाचा ते आम्हाला झोपेतही ओळखू यायचं. पूर्वेकडून वारा सुटला की रबराच्या कारखान्याचा करपट वास घरात शिरायचा आणि आई भाजीवर घाईघाईनं झाकण ठेवायची, जणू वास भाजीत पडेल. चिंचेच्या झाडाखाली एकच नळ. सकाळी तिथं कळशांची रांग लागे आणि माणसं शिफ्टला गेली तरी कळश्या आपापल्या जागेवर माणसांसारख्या उभ्या असायच्या.

आमच्या पट्ट्यात कंपन्यांची सुट्टी गुरुवारी. त्यामुळं रविवारी बाप मंडळी कामावर आणि शाळा बंद. सगळ्या आठवड्यात तेवढीच एक सकाळ पोरांच्या मालकीची. टीव्ही फक्त आमच्या घरी होता, कारण अण्णा, म्हणजे माझे वडील, भोसरीत प्लास्टिकचा माल ओतणाऱ्या एका कंपनीत सुपरवायझर होते. रविवारी आमच्या उंबऱ्याबाहेर चपलांचा ढीग पडायचा. आत न्हालेल्या डोक्यांचा, ओल्या केसांचा, कुणीतरी मुठीत आणलेल्या शेंगदाण्यांचा वास. सगळ्यात पुढं, टीव्हीच्या काचेला नाक लागेल इतक्या जवळ, कुंदा बसायची. आमच्या शेजारच्याच खोलीतली, माझ्याच वर्गातली, जिभेला जरा तिखट.

"ए, डोकं खाली घे की," मागून पोरं ओरडायची.

"माझं डोकं काय बाहुल्यागत काढून ठेवू?"

तिची आई, सुमनमावशी, अण्णांच्याच कंपनीत कंत्राटावर होती. वडील ट्रकवर क्लीनर, महिन्यातले बरेच दिवस वाटेवर. ही माणसं लातूरकडची. वैशाखी पौर्णिमेला त्यांच्या घरातून आमच्याकडं खिरीची वाटी यायची, वर वेलदोड्याची टरफलं तशीच तरंगत असायची, आणि ती वाटी आई कधी रिकामी परत पाठवायची नाही.

वायुरथीचे बाहुले त्याच कंपनीत व्हायचे. बोटाएवढे, निळ्या प्लास्टिकचे, न रंगवलेले. मशीनमधून गरम बाहेर पडले की सुमनमावशी आणि आणखी दोघी-तिघी त्यांच्या कडा काढायच्या, चांगले एकीकडं, खराब दुसरीकडं. जे खराब निघतील त्यांचा डावा हात कटरनं खांद्यापासून तोडायचा, हा मालकाचा नियम. हात नसलेला बाहुला कुणी चोरून बाजारात विकू शकत नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्यातले बरेच परत दळून वितळायला जायचे. पण खंडेनवमीला मशिनींना झेंडूच्या माळा चढल्या, नारळ फुटला, पेढे वाटून झाले, की प्रत्येक कामगाराला पोरांसाठी कागदी पिशवीतून हात तोडलेले वायुरथी मिळायचे. एरवीही एखाददुसरा कुणी नेला तर चालायचं. गेटवर पहारेकरी डबा उघडायला लावायचा. बिनहाताचा बाहुला निघाला तर जाऊ द्यायचा. हाताचा निघाला तर चोरी. आमच्या कॉलनीतल्या पाळण्यातल्या पोरालाही कळावा असा हा कायदा होता.

म्हणून आमच्याकडच्या एकाही वायुरथीला डावा हात नव्हता. आमच्या खेळात तो तसाच होता, जन्मापासून. ढाल नाहीच, भाल्यावरच सगळं. मालिकेत त्यानं पहिल्यांदा डाव्या हातानं ढाल उचलली तेव्हा आम्ही पोरं एकमेकांकडं बघायला लागलो होतो.

"चुकलं त्यांचं," कुंदा टीव्हीकडं बोट करून म्हणाली. "ह्याला हात कुठनं आला?"

कुणालाही त्यात काही चुकीचं वाटलं नाही. आम्ही मान डोलावली.

पुढं तिनंच हात बनवायला सुरुवात केली. नाशिक फाट्याकडं रस्त्याचं डांबरीकरण चाललं होतं. तिथून ती मऊ डांबराच्या गोळ्या आणायची, आगपेटीच्या काडीवर वळायची आणि वायुरथीच्या खांद्याला चिकटवायची. काळा हात, निळा देह. उन्हात तो हात हळूहळू लांबत जायचा, गुडघ्यापर्यंत यायचा. "ह्याचा हात कायद्याहून लांब आहे," असं कुणा मोठ्या माणसाचं ऐकून ती म्हणायची आणि आम्ही न कळता हसायचो. तिच्या बोटांना सतत डांबर असे. रॉकेलनं घासूनही जायचं नाही. वहीच्या पानांवर तिचे ठसे उमटलेले असत.

मला कावीळ झाली ते उन्हाळ्याच्या तोंडाला. डोळे पिवळे, भिंत पिवळी, दूध पिवळं. मावळातल्या आमच्या गावाहून कसलासा पाला आला, तो आई वाटून द्यायची, तोंड आंबट-कडू होऊन जायचं. तेल बंद, मीठ कमी, उसाचे करवे चघळायचे आणि पडून राहायचं. रविवारी पोरांना घरात यायची बंदी झाली. टीव्ही लावला तरी एकट्यानं "हवा मेरे साथ" ओरडता येत नाही, हे मला तेव्हा समजलं.

एका संध्याकाळी शिफ्टवरून परतताना सुमनमावशी आल्या. आई नळावर होती. मावशींनी दार लोटून घेतलं, डोक्याचा पदर मागं केला आणि अंबाड्यातून काहीतरी काढून माझ्या उशीपाशी ठेवलं. वायुरथी. निळा, गरम, आणि त्याला दोन्ही हात.

मी उठूनच बसलो.

"हळू की लेकरा. पाठीवर बारका खड्डा पडलाय त्याच्या, म्हणून खराबात निघाला होता. हात तोडायला कटर उचललं अन् तुझं तोंड डोळ्यापुढं आलं. म्हणलं, दोन दिवस बघू दे लेकराला अख्खा." मग माझ्या कपाळावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "पण दोन दिवसच. मग हात काढून टाक. अण्णांना दिसायच्या आत. काढशील नव्हं?"

मी हो म्हटलं. त्यांच्या केसांतल्या खोबरेलाचा वास त्या बाहुल्याला लागला होता.

हे नीट समजून घ्या. तो बाहुला खराब मालातला होता. हात तोडला की नियमानं तो कुणीही घरी न्यावा. चोरी होती ती फक्त तो हात न तोडण्याची.

दोन दिवस गेले. कुंदा खिडकीशी आली, गजातून तिनं ब्लेडचं अर्धं पातं पुढं केलं, कागदात गुंडाळलेलं. "आईनं विचारलंय, काढला का?"

"काढतो."

"भ्या वाटतं? आण इकडं, मी काढते. मला सवय आहे, रोज बघते मी."

"उद्या काढतो म्हटलं ना."

"उद्या नक्की. नाहीतर माझ्या आईची वाट लागेल."

मी पातं घेतलं. रात्री नाही, दिवसाढवळ्या, आई स्वयंपाकघरात असताना मी ते त्याच्या खांद्याला लावून बघितलं. खांद्याचा गोल फार सुबक होता. त्या हाताची मूठ अर्धवट उघडी होती, ढाल धरण्यासाठी, आणि तिच्यात माझ्या करंगळीचं नख बरोबर बसायचं. मी करंगळीचं नख त्या मुठीत अडकवून पडून राहायचो. कापवलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्याही.

गुरुवारी अण्णा घरी होते. सुट्टीच्या दिवशी ते घरातली जड कामं काढायचे. गादी उन्हात टाकायला म्हणून त्यांनी मला कडेला बसवलं, उशी उचलली.

"ह्ये काय?"

"बाहुला."

"त्ये दिसतंय मला. हात कसा हाय ह्याला?"

 अण्णा खाटेच्या कडेला बसले. ते रागावले नव्हते, हे मला आजही स्पष्ट आठवतं. त्यांच्या कपाळावर घामाचे थेंब होते आणि ते बाहुल्याच्या पाठीवरचा खड्डा अंगठ्यानं चाचपत होते.

"कुणी दिला?"

"मावशींनी."

"कवा?"

"मी आजारी पडलो तवा."

अण्णांनी दाराकडं बघितलं. मग आवाज खाली आणून विचारलं, "एकच दिला नव्हं?"

तो प्रश्न नव्हता. ते दार होतं, त्यांनीच उघडून धरलेलं. हो म्हटलं असतं तर त्यांनी स्वतः तो हात मोडला असता आणि बाहुला परत माझ्या उशीखाली ठेवला असता. मला हे कळायला स्वतः सुपरवायझर व्हावं लागलं.

मी म्हणालो, "त्यांच्या घरी लई हायत असले. ढीगच हाय."

का म्हणालो? इतकी वर्षं मी स्वतःला एक कारण देत आलोय. आमच्याकडं जे ढिगानं असायचं त्याला किंमत नसायची. बिनहाताचे बाहुले ढिगानं होते, म्हणून तर ते कुणीही न्यावेत. मला वाटलं, खूप आहेत म्हटलं की ह्या एकाचं काही वाटणार नाही. हे कारण खोटं नाही. पण अर्धं आहे. उरलेलं अर्धं असं, की मी घाबरलो होतो, आणि जे काय वाकडं होतं ते माझ्या उशीखालून उचलून शेजारच्या घरात नेऊन ठेवावं असं मला वाटलं. ते मी केलं.

त्यांच्या घरात अख्खा बाहुला एकही नव्हता. कुंदाच्या डब्यात होते ते सगळे डांबरी हाताचे.

अण्णांनी बाहुला शर्टाच्या खिशात घातला. आईनं चहा आणला तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे." गादी दिवसभर बाहेर उन्हात राहिली.

शनिवारी दुपारी शेजारच्या खोलीतून स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला. त्या वेळी त्या घरात कधी कुणी नसायचं. मावशींचं काम गेलं, हे मला तेवढ्यावरून कळलं.

नंतरच्या गोष्टी मला तुकड्यांनी आठवतात. सुमनमावशी नळावर यायच्या त्या सगळ्यांच्या कळश्या भरून गेल्यावर. आईनं वाटी भरून काहीतरी पाठवलं, ती तशीच परत आली. मी बरा झालो, रविवारी पुन्हा चपलांचा ढीग पडायला लागला, पण टीव्हीपुढची जागा मोकळी राहिली. तिथं कुणी बसेना, पोरं आपोआप मागं सरकून बसायची. कुंदा एकदा नळावर दिसली. कोपराच्या वर एक काळानिळा वळ होता. पडली असेल, असं मी मनाशी म्हटलं. ती माझ्याकडं बघून काही बोलली नाही, आणि तिला तर प्रत्येक गोष्टीवर काही ना काही बोलायचं असायचं. पावसाळा संपायच्या आत त्यांनी खोली सोडली. टेम्पोत सामान चढताना मी मागच्या रुळांपाशी जाऊन उभा राहिलो होतो.

त्या वर्षी खंडेनवमीला अण्णांनी पिशवी आणली नाही. "पोरगं मोठं झालं आता," आईला म्हणाले. मी तेव्हा पाचवीत होतो.

नव्या वायुरथीचा खोका उघडल्यावर मी बरेच दिवस तो टेबलावर तसाच ठेवला. मग कॉलनीतल्या एका जुन्या शेजाऱ्याला फोन केला. सुमनमावशी तळेगाव दाभाड्याला आहेत, स्टेशनच्या बाजूला, कुंदाच्या धाकट्या भावाकडं, असं कळलं. गुरुवारी खोका गाडीला बांधला आणि गेलो. सुट्टी अजून गुरुवारचीच आहे.

दार त्यांनीच उघडलं. केस पांढरे, अंबाडा लहान झालेला. हातात मेथीची जुडी होती, ती निवडता निवडता उठून आल्या असाव्यात. चष्म्यातून बघत राहिल्या.

"अण्णांचा ना तू? हनुवटी त्यांचीच आहे." मग आत वळून, "ये, बस. अण्णा बरे आहेत?"

"गेले मावशी. चार-पाच वर्षं झाली."

"अरेरे." त्यांनी मेथी बाजूला सारली. "चांगला माणूस. मला कामावरून काढताना सुद्धा चारचौघांत बोलले नाहीत. बाजूला घेऊन म्हणले, बाई, उद्यापासून येऊ नका, तुमच्या घरी ढीग आहे असं पोरंच सांगायलीत, मी मालकापुढं काय बोलू? डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. मी म्हणलं, अण्णा, तुमचा काय दोष."

मी खोका मांडीवर धरून बसलो होतो. काय बोलायचं ते मी देहूरोडपासून जुळवत आलो होतो.

"दोष माझ्याच पोरीचा," त्या म्हणाल्या. "तोंड सैल तिचं. कॉलनीभर फुशारक्या मारल्या असणार, आमच्याकडं असे न् आमच्याकडं तसे. त्या दिवशी घरी येऊन मी तिला लाटण्यानं मारलं. तिच्यावर हात मी त्या आधी कधी उचलला नव्हता, नंतरही नाही. लई मारलं रे. दंडावर वळ उठला. पण पोरगी एक शब्द बोलली नाही. मी नाही सांगितलं, एवढं पण म्हणली नाही."

पंखा फिरत होता. मेथीची पानं वर्तमानपत्रावर थरथरत होती.

कुंदाला माहीत होतं. मी हात कापला नव्हता, हे अण्णांखेरीज फक्त तिला आणि मलाच माहीत होतं. लाटणं अंगावर येत असताना तिला माझं नाव घ्यायला किती वेळ लागला असता?

"मावशी," मी म्हणालो, "ते मी सांगितलं होतं."

"काय?"

"ढीग आहे म्हणून. अण्णांना मी सांगितलं. कुंदानं कुणाला काही सांगितलं नव्हतं. तिनं मला ब्लेड आणून दिलं होतं, हात काप म्हणून."

त्या माझ्याकडं नीट वळून बसल्या.  मग त्यांनी जे विचारलं त्याची मी तयारी केली नव्हती.

"मग कापला का नाहीस रे?"

"कापवेना."

"कापवेना," त्यांनी तो शब्द परत म्हटला, आणि ओठाच्या एका कडेनं हसल्यासारखं झालं. "मी दिवसाला पोतंभर तोडायची. मलाही त्या दिवशी नाही तोडवला, बघ. म्हणून तर झालं सगळं." मग ते हसू गेलं. चष्मा काढून त्यांनी पदरानं पुसला, डोळे पुसले नाहीत. "मला सांगून काय करू मी आता? नोकरी गेली, दुसरी लागली. चार घरची भांडी केली, मग इथं फुलं पिकवतात त्या शेडवर होते. माझं निभावलं. मार तिनं खाल्लाय. आणि माझ्या मनात आजपर्यंत तिच्यावर राग राहिला. लग्नात राहिला, बाळंतपणात राहिला. ती जरा जास्त बोलली की मी म्हणायची, ह्याच तोंडानं माझी नोकरी घालवलीस तू. परवा दिवाळीतसुद्धा म्हणलं."

मी खोका मांडीवरून खाली ठेवला.

"कुठं असते ती?"

"निगडीला बसवर कंडक्टर आहे. आगाराजवळच राहते."

मी निगडी प्राधिकरणात राहतो. त्या आगारावरून माझी कंपनीची गाडी रोज जाते. खाकीतली एक बाई तिकिटांचं मशीन खांद्याला अडकवून चहाच्या टपरीवर मोठ्यानं काहीबाही बोलत उभी असते, भोवतीचे ड्रायव्हर हसत असतात, हे मी किती वेळा खिडकीतून बघितलंय. तीच असेल असं नाही. असूही शकेल.

निघताना मी खोका पुढं केला. मावशींनी झाकण उघडून बघितलं, हातांच्या ओळीवरून बोट फिरवलं.

"एवढे हात कशाला एकाला?"

"वेगवेगळे लावता येतात."

"ने बाबा. मी म्हातारी काय ह्याचे हात बदलत बसू?" दारापर्यंत आल्या, चौकटीला धरून उभ्या राहिल्या. "तिला मी सांगणार नाही. तू सांग. मी सांगितलं तर तिला वाटेल, आई आता म्हातारपणी मऊ झाली म्हणून काहीतरी बोलते. आणि एकट्यात नको सांगू. मला बोलव. माझ्यादेखत सांग. मलाही तिला काही बोलायचंय."

जिना उतरून मी खोका परत गाडीला बांधला.

वायुरथीबद्दल थोडक्यात. कोरीव काम उत्तम, डावा गुडघा किंचित सैल, झुलीचा रंग मालिकेतल्यापेक्षा गडद. उघडल्यावर त्याला कसलाच वास येत नाही. ज्यांना घ्यायचाय त्यांनी जरूर घ्यावा. कुंदाला भेटून येईपर्यंत मी इथं लिहिणार नाही, ते का, हे वर लिहून झालंय.

मावशींनी ऐकून घेतलं. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत, मीही विचारलं नाही. कुंदाला मी अजून भेटलेलो नाही. मी तिचं एवढं देणं लागतो, की तिच्या आईच्या समोर तिच्यापुढं उभं राहायचं आणि म्हणायचं: ते मी बोललो होतो, तू नाही, आणि तो मार माझा होता.